हॉलिस मिडवेला का उतरत नाही

शिकागो, ४ ऑगस्ट १९९८

प्रिय हॉलिस,

फोनवर तुला अर्धं ऐकू येत नाही, आणि जे ऐकू येतं ते ऐकलंच नाही असं तू दाखवतोस. म्हणून लिहून धाडतेय. कागदापुढे बहिरेपणाचं सोंग चालत नाही.

रविवारी माझ्या वाढदिवसाला आलास, फार बरं वाटलं. सत्तराव्या वर्षी आयोवाहून स्वतः विमान चालवत बहिणीकडे येणारा भाऊ आमच्या गल्लीत दुसऱ्या कुणाला नाही. पण आलास तो पोलिसांच्या गाडीतून! काळी-पांढरी, दारावर पुसट झालेला तारा आणि खिडकीशी तो चोर शोधायचा दिवा अजून तस्साच. चर्च नुकतंच सुटलं होतं, अख्खी गल्ली घरी परतत होती, आणि तू ती गाडी नेमकी आमच्या दारात लावून आत केक खात बसलास. शेजारच्या यानकुसबाई तीनदा घरावरून गेल्या. चौथ्यांदा त्यांनी बेल वाजवली, माझा हात हातात घेतला आणि हळूच विचारलं, "काझला कशापायी नेतायत गं?"

माझा नवरा छत्तीस वर्षं टपाल खात्यात पत्रं वेगळी करत उभा राहिला. एक पाकीट कधी इकडचं तिकडे झालं नाही. निवृत्त झाल्यापासून तीन वर्षं खिडकीजवळच्या खुर्चीत बसलाय. त्याला कोण आणि कशाला नेईल?

तू म्हणालास, लहान विमानतळांवर पोलिसांनी विकून टाकलेली अशी एखादी म्हातारी गाडी ठेवलेलीच असते. जो उतरेल त्याने वहीत नाव लिहायचं, गाडी न्यायची, परत लावताना पेट्रोल भरायचं, कोणी काही विचारत नाही. रीत चांगली आहे, मी नावं ठेवत नाही. पण मिडवे विमानतळ आमच्या घरापासून पंधरा चौकांवर आहे, हॉलिस. तू उतरतोस त्या हार्टसॉला, म्हणजे मक्याच्या शेतात, आणि मग तास-सव्वा तास ते पोलिसी धूड हाकत येतोस. पुढच्या खेपेला मिडवेला उतर. काझ चालत येऊन तुला घेऊन येईल. त्याचे पायही मोकळे होतील.

तुझी,
व्हर्ना


स्ट्रँडली, आयोवा
१० ऑगस्ट १९९८

प्रिय व्हर्ना,

यानकुसबाईंना माझा नमस्कार सांग. काझला अजून पकडलेलं नाही, पण आम्ही त्याच्या मागावर आहोत, असंही सांग.

मिडवेचं म्हणशील तर तुला त्यातलं काही कळत नाही, यात तुझा दोष नाही. तिथे माझ्यापुढे तीन आणि मागे चार जेट असतात. माझं विमान त्यांच्यामध्ये म्हणजे म्हशींच्या कळपात शिरलेली कोंबडी. जेट गेलं की मागे वाऱ्याचे भोवरे राहतात, त्यात लहान विमान सापडलं तर उलटं होतं. शिवाय तिथला रेडिओवरचा माणूस इतका भरभर बोलतो की तो मला उतरायला सांगतोय की लिलाव पुकारतोय, तेच समजत नाही. तुझा भाऊ अर्धा बहिरा आहे, हे तूच लिहिलंस.

हार्टसॉला एकच धावपट्टी आहे, तिच्या कडेला एक पत्र्याची शेड आणि शेडमध्ये गेरी प्रुइट. ही बाई विमानतळ चालवते, इंधन भरते, गवत कापते आणि ॲपल पाय करते. मी आकाशातून "येतोय" म्हटलं की ती "ये" म्हणते. याहून जास्त बोलायची दोघांनाही गरज पडत नाही.

माणसाने आयुष्यात एकदा बरा विमानतळ निवडला की बदलू नये. तूसुद्धा एकदा नवरा निवडलास, बदललास का?

तुझा,
हॉलिस


शिकागो, १५ ऑगस्ट १९९८

प्रिय हॉलिस,

थापा मारायच्या तर मला पचतील अशा मार. मी मिडवेला जाऊन आले.

खासगी विमानांसाठी तिथे वेगळं दार आहे, वेगळी बैठकही आहे. काउंटरवर एक गोड मुलगी होती. तिने सांगितलं, "आजी, लहान विमानं रोज येतात. एक गृहस्थ ब्याऐंशी वर्षांचे आहेत, दर मंगळवारी दात दाखवायला येतात." ब्याऐंशी! त्यांना नाही भोवरे लागत? आणि रेडिओवर "मला सावकाश सांगा" म्हटलं की ते सावकाश सांगतात, हेही तिने सांगितलं. कॉफी फुकट, बिस्किटं फुकट. मी तीन खाल्ली.

राहता राहिली ती गेरीबाईची ॲपल पाय. काउंटीच्या जत्रेत ॲपल पायला दोनदा पहिल्या बक्षिसाची निळी फीत कोणाला मिळाली होती? मला. तुला पाय हवी तर मी केलेली आहे, आणि ती खायला शेतात उतरावं लागत नाही.

खरं सांगू? मला तुला उतरताना बघायचंय. मी तुझ्या विमानात बसणार नाही, ते मी एकोणपन्नास सालीच ठरवलं. चर्चच्या सहलीत तू मला हवेत नेलंस, इंजिन बंद पडलं आणि आपण टॉर्विकच्या ओटच्या शेतात आदळलो. एक बूट तिथेच राहिला. मी पंधरा वर्षांची होते आणि तू हसत होतास. त्यानंतर मी कानाला खडा लावला. लग्नात काझकडूनही वचन घेतलं की हॉलिसच्या विमानात कधीही बसायचं नाही. एकेचाळीस वर्षं त्याने ते पाळलंय. पण कुंपणाबाहेर उभं राहून भावाचं विमान उतरताना बघायला काय हरकत आहे? या वयात किती वेळा बघायला मिळणार?

इकडे एक बरी बातमी. काझ एप्रिलपासून दर गुरुवारी चर्चच्या हॉलमध्ये पत्ते खेळायला जातोय, हे तुला सांगितलंच होतं. आता अधूनमधून मंगळवारीही जातो. खुर्चीतून उठला, देव पावला.

व्हर्ना


स्ट्रँडली, २२ ऑगस्ट १९९८

प्रिय व्हर्ना,

पत्ते फार चांगले. पत्त्यांनी माणसाचं डोकं ताजं राहतं, रक्तदाब उतरतो. गुरुवारी त्याला अजिबात अडवू नकोस. मंगळवारी तर मुळीच नाही. आणि सोबत जाऊ नकोस, बायको मागे उभी राहिली की कुणालाही हुकूम सुचत नाही.

मिडवेबद्दल मी विचार केला. धावपट्टी काँक्रीटची आहे. माझे टायर गवताला सरावलेत. या वयात टायरांना नवीन सवय लावणं बरं नाही.

तुझ्या निळ्या फितीबद्दल माझं दुमत नाही. एकोणपन्नासबद्दल मात्र सांगतो, मी हसत नव्हतो. माझे दात वाजत होते.

हॉलिस


शिकागो, २० सप्टेंबर १९९८

हॉलिस,

आज थट्टा नको. हे पत्र बसून वाच.

काझला काहीतरी झालंय आणि तो मला सांगत नाहीये.

शुक्रवारी तळघरात धुण्याच्या यंत्रामागे मोजा पडला म्हणून हात घातला, तर त्याचा निळा शर्ट निघाला. मी ईस्टरला दिलेला. घडी करून लपवलेला. उलगडला तर पाठीचा खालचा मोठा तुकडा गायब. फाटलेला नाही, कात्रीने सरळ कापलेला. मी बावीस वर्षं इस्पितळाच्या धुलाईखान्यात काम केलंय. कात्रीने कापलेले शर्ट कोणाचे असतात ते मला कोणी शिकवायला नको. माणूस कोसळला की बटणं काढत बसायला वेळ नसतो. एरवी छातीकडून कापतात. पाठीकडून कापला, म्हणजे काझ पालथा पडला असणार.

त्याला विचारलं, "शर्टाला काय झालं?" तो म्हणाला, "दाराच्या खिळ्याला अडकला." एकेचाळीस वर्षांत या माणसाला धड एक थाप मारता आली नाही. बोलताना कान लाल झाले होते.

मग एकेक गोष्ट आठवत गेली. जुलैपासून बिअर बंद. कोटाच्या खिशात एका डॉक्टरचं कार्ड, आपल्या डॉक्टरचं नव्हे, जोलिएटच्या कुणाचं तरी. सकाळी उठून आधी खिडकी उघडतो आणि कितीतरी वेळ आकाशाकडे बघत राहतो. आरशासमोर पुटपुटतो, मी गेले की गप्प. आणि सगळ्यात वाईट म्हणजे तो फार गोड वागतोय. भांडी घासतो, शीळ घालतो. गुरुवारी संध्याकाळी घरी आला आणि मला कमरेला धरून त्याने स्वयंपाकघरात दोन गिरक्या घेतल्या. कुगेलिस करायला मी बटाटे किसत होते, हात सगळे माखलेले. म्हणाला, "व्हर्ना, तू फार चांगली बाई आहेस." मी धुलाईखान्यात ऐकलंय, जायची वेळ आली की माणसं अशी गोड होतात.

तुमचं दोघांचं पटतं. तो तुला बोलला असेल. मला भीती वाटते, हॉलिस. तीन वर्षं तो खुर्चीत गप्प बसलेला असायचा तेव्हा मी चिडायचे, वाटायचं हा उठून काहीतरी का करत नाही. आता रात्रभर त्याचा श्वास मोजते. खरं काय ते सांग. कितीही वाईट असलं तरी.

व्हर्ना


स्ट्रँडली, २५ सप्टेंबर १९९८

व्हर्ना,

तो मरत नाहीये. पहिली ओळ हीच लिहायची ठरवून बसलो, म्हणजे पुढचं वाचेपर्यंत तुझा जीव टांगणीला नको.

त्याला काही झालेलं नाही. जोलिएटच्या डॉक्टरने त्याला नखशिखान्त तपासून सांगितलंय की चष्मा लावला तर हा माणूस घोड्यासारखा आहे. तो कोसळला नाही, पालथा तर नाहीच नाही. शर्ट मी कापला. माझ्या हाताने, गेरी प्रुइटच्या कात्रीने. तो पाठ करून उभा होता आणि त्याचं तोंड या कानापासून त्या कानापर्यंत पसरलं होतं.

याहून जास्त मला सांगता येत नाही. मी त्याला शब्द दिलाय. एप्रिलपासून तोंडाला कुलूप लावून बसलोय, आणि तुला माहीतच आहे मला ते किती जड जातं. तुझं पत्र वाचून मला माझीच लाज वाटली. इकडे आम्ही दोन म्हातारे शाळा बुडवून मजा करत होतो आणि तिकडे तू त्याचा श्वास मोजत होतीस.

त्यालाच विचार. किंवा असं कर, विचारूच नकोस, हार्टसॉला जा. शेडच्या डाव्या भिंतीकडे बघ. मी तुला काही सांगितलं नाही, फक्त भिंतीचा पत्ता दिला.

हॉलिस

ता. क. गेरीची ॲपल पाय खाऊन बघ. निंदा मात्र परत येऊन कर, तिच्यासमोर नको. इंधन तीच भरते.


शिकागो, २ ऑक्टोबर १९९८

हॉलिस,

बदमाश म्हाताऱ्या! आता सगळं सावकाश सांगते आणि तू सगळं सावकाश वाच. मध्ये हसायचं नाही.

मंगळवारी, म्हणजे २९ तारखेला, काझ दाताच्या डॉक्टरकडे गेला (हे खरं होतं, मी फोन करून खात्री केली). मी यानकुसबाईंची गाडी मागितली आणि हार्टसॉ गाठलं. मका कापणीला आलाय, त्यामुळे तुझा तो विमानतळ समोर येईपर्यंत दिसत नाही. ती पोलिसी गाडी शेडबाहेर उन्हात उभी होती, तीच मी ओळखली.

आत गेरी प्रुइट एकटी होती. मी नाव सांगितलं नाही. म्हटलं, "वाट चुकले, जरा कॉफी मिळेल का?" तिने कॉफी आणि ॲपल पाय दोन्ही पुढे ठेवलं. मी डाव्या भिंतीकडे बघितलं.

भिंतभर शर्टांचे तुकडे. चाळीस-पन्नास तरी असतील, चौकडीचे, पांढरे, एक फुलाफुलांचा. प्रत्येकावर शाईने नाव आणि तारीख. आणि मधोमध निळा. वेडंवाकडं विमान काढलेलं आणि खाली लिहिलेलं, "काझिमिर स्टँकस, वय ६८, एकटा, १७ सप्टेंबर १९९८."

मी विचारलं, "हे काय आहे?"

ती म्हणाली, "शिकणारा पहिल्यांदा एकटा विमान उडवून खाली आला की शिकवणारा त्याच्या शर्टाचं शेपूट कापतो. पूर्वी उघड्या विमानात शिकवणारा मागे बसायचा, मग पुढच्याला काही सांगायचं तर त्याचा शर्ट ओढायचा. एकटा उडाला म्हणजे आता ओढायची गरज संपली."

"आणि हा निळा कोणाचा?"

"काझचा! अहो, देवमाणूस आहे. त्याचा मेहुणा आयोवाहून येतो त्याला शिकवायला, आणि तेही माझ्या विमानात. मेहुण्याचं स्वतःचं विमान बाहेर उभं असतं, पण काझ त्यात पाय ठेवत नाही. म्हणतो, बायकोला वचन दिलंय. मी म्हटलं, अरे, मग माझ्या विमानात कसा बसतोस? तर म्हणतो, तुझ्या विमानाचं नाव तिने काढलं नव्हतं."

हॉलिस, मी हातातला चमचा खाली ठेवला. म्हणजे म्हणून हार्टसॉ! भोवरे नाहीत, टायर नाहीत, लिलाव नाही. गेरीचं विमान तिथे आहे आणि माझ्या नवऱ्याला माझ्या वचनातून पळवाट तिथेच सापडते, म्हणून तू मला दोन महिने गवत आणि काँक्रीट शिकवत होतास!

ती पुढे बोलतच होती. "त्या दिवशी तीन फेऱ्या मारून उतरला. इंजिन बंद केलं आणि दहा मिनिटं आतच बसून राहिला. आम्हाला वाटलं, तब्येत बिघडली. मी धावत गेले तर रडत होता. म्हणाला, गेरी, आत्ता बायकोला फोन करता आला असता तर किती बरं झालं असतं. मी म्हटलं, मग कर की, फोन तो काय समोर आहे. म्हणाला, नको, ती घाबरेल, आणि मग मला पुन्हा यायला मिळणार नाही."

मी तिथेच रडायला लागले. त्या बाईने बघितलं, रुमाल दिला आणि म्हणाली, "तुम्ही व्हर्ना ना?" म्हटलं, "हो." म्हणाली, "पाय आवडली नाही वाटतं." मी म्हटलं, "आतलं सारण छान आहे, आवरण जरा चामड्यासारखं झालंय. लोणी थंड घेत जा." ती हसली. बाई वाईट नाही.

गाडीच्या वहीवरही सहज नजर टाकली. दर गुरुवारी तुम्हा दोघांच्या आडनावांची एकच ओळ: "ब्रँडवोल्ड आणि स्टँकस, जेवायला." म्हणजे दर आठवड्याला आमच्यापासून तासाभरावर येऊन, जेवून, परत जायचास, आणि बहिणीकडे फक्त वाढदिवसाला! याचं वेगळं बघून घेईन.

आता कालचा गुरुवार. घरी येऊन मी चकार शब्द काढला नव्हता. काल सकाळी काझने टोपी घातली, "पत्त्यांना जातो" म्हणाला. मी पर्स घेतली आणि त्याच्याआधी गाडीत जाऊन बसले.

"तू कुठे?"

"पत्ते शिकायला. म्हटलं, नवरा एवढा सहा महिने खेळतोय, आपणही बघावं."

त्याने गाडी सुरू केली. नेली ती थेट चर्चपाशी. हॉलला कुलूप. खाली उतरला, कुलूप हातात घेऊन बघितलं, जणू ते आत्ताच कोणीतरी लावलंय. मी काच खाली करून म्हटलं, "सगळे हरून घरी गेले वाटतं." टोपी हातात घेऊन तो तिथेच उभा. कान टोमॅटोसारखे.

"व्हर्ना, मला तुला काहीतरी सांगायचंय."

"वाटेत सांग. हार्टसॉला उशीर होतोय."

आयुष्यात मी या माणसाचा चेहरा असा कधी बघितला नव्हता. आधी पांढरा पडला, मग हसला, मग पुन्हा घाबरला. तो सव्वा तास नुसता बोलत होता, हॉलिस. वारा, ढग, पट्टीची दिशा, आरशासमोर घोकायचा ती रेडिओवरची वाक्यं, तू कसा ओरडतोस. तीन वर्षांत मिळून एवढं बोलला नसेल. मी मध्येच म्हटलं, "वचन मोडलंस." तो म्हणाला, "नाही मोडलं, तू हॉलिसचं विमान म्हणालीस." मी म्हटलं, "मी विमान म्हणाले, हॉलिस जवळ होता म्हणून त्याचं नाव आलं." यावर आमचं जोलिएटपर्यंत भांडण झालं. फार छान वाटलं.

मग मी कुंपणाशी उभी राहिले आणि तो वर गेला. तुला सांगते, गेरीचा हात असा धरला की तिची बोटं निळी केली. विमान एवढंसं झालं. मी मनात म्हटलं, टॉर्विकचं ओटचं शेत. तो वळला, आला आणि मांजर सोफ्यावर उतरतं तसा उतरला.

आणि तू? तू कुठे होतास काल? गेरी म्हणते, तुझ्याकडे धुकं होतं. मी आयोवाचं हवामान रेडिओवर ऐकलं. स्ट्रँडलीला लख्ख ऊन होतं. भित्रा!

व्हर्ना


स्ट्रँडली, ८ ऑक्टोबर १९९८

प्रिय व्हर्ना,

धुकं फक्त माझ्या अंगणात होतं. फार दाट होतं.

कबूल आहे सगळं. आता तुझ्यापासून काही लपवायचं राहिलं नाही, म्हणून एवढंच सांगतो. ईस्टरला जेवण झाल्यावर तू भांडी घासत होतीस आणि आम्ही मागच्या पायरीवर बसलो होतो. काझने विचारलं, "हॉलिस, किती वर्षांनंतर उशीर झाला असं म्हणतात?" मी विचारलं, "कशाला?" तो म्हणाला, "कशालाही." मग म्हणाला, "छत्तीस वर्षं मी पाकिटांवर गावांची नावं वाचली. अलास्का, होनोलुलू, मनिला. पाकिटं गेली, मी तिथेच." हे सांगताना तो रडत नव्हता, हसतही नव्हता. बेरीज सांगावी तसं सांगत होता. ते ऐकून मला तुझी आठवण झाली, की ही बाई रोज त्या खुर्चीसमोर बसत असेल. मी म्हटलं, "गुरुवारी हार्टसॉला ये."

चूक एकच झाली. तुला सांगायला हवं होतं. पण तू नको म्हणाली असतीस, म्हणून सांगितलं नाही. हे उत्तर चांगलं नाही, पण खरं आहे.

वसंतात त्याची परीक्षा आहे. घेणारा परीक्षक कडक आहे. तोवर त्याला दर आठवड्याला आकाश लागेल. तू हो म्हणालीस तर मी येत राहीन, आणि जेवायला तुझ्याकडे येईन. पोलिसी गाडीतूनच. यानकुसबाईंना आधी कळव.

हॉलिस


शिकागो, ३१ मे १९९९

प्रिय हॉलिस,

काझने तुला फोन करून सांगितलंच की तो पास झाला. तुला ऐकू गेलं असेल, कारण तो ओरडत होता. पण शनिवारचं त्याने त्याच्या बाजूने सांगितलं असणार. माझी बाजू ही.

शनिवारी, २९ तारखेला, तो मला हार्टसॉला घेऊन गेला. आधी तीनदा म्हणाला, "मनात नसेल तर नको." मी तीनदा म्हटलं, "गप्प बस आणि विमान पूस." एकोणपन्नास सालापासून पन्नास वर्षं झाली, हॉलिस. त्याने पट्टा माझ्या कमरेला बांधला, ओढून बघितला, पुन्हा ओढून बघितला. पत्रं वेगळी करायचे ते हात, अगदी तसेच, सावकाश आणि पक्के.

वर गेल्यावर तो रेडिओवर मिडवेच्या माणसाशी बोलला. आमच्या घरावरून एक फेरी मारायला परवानगी मागितली. हा माणूस यानकुसबाईंकडे साखर मागायला लाजतो. आणि तिथे काय आवाज होता त्याचा! ठाम, मोजका, न अडखळता. पलीकडचा भरभर बोलला तर काझ म्हणाला, "सावकाश सांगा, मी नवीन आहे." आणि पलीकडचा सावकाश बोलायला लागला. एकेचाळीस वर्षं मी ज्या माणसाशी संसार केलाय, त्याचा हा आवाज मला माहीतच नव्हता. मी तो कान देऊन ऐकत होते. मला फार अभिमान वाटला, हे मी त्याला सांगितलंय, तुलाही सांगते.

परतताना त्याने विचारलं, "पुढच्या वेळी मिडवेला उतरू? घर जवळ पडेल." मी म्हटलं, "नको, हार्टसॉलाच." तिथे कुंपण बुटकं आहे, आणि गेरीने आता लोणी थंड घ्यायला सुरुवात केलीय. आवरण पुष्कळ सुधारलं.

जमिनीवर आल्यावर काझचा चेहरा नुसता फुलला होता. म्हणाला, "आपलं छप्पर दिसलं?" मी म्हटलं, "दिसलं, धुराड्याजवळचा पत्रा निघालाय." "आणि सरोवर?" म्हटलं, "केवढं मोठं रे! टोकापर्यंत निळं." "आणि पूल?" मी त्याला पूलही सांगितला, रेल्वेचं आवारही सांगितलं, चर्चचे दोन्ही मनोरे सांगितले. तो ऐकता ऐकता माझ्याकडे असा बघत होता, जणू हे सगळं त्यानेच बांधून मला दिलंय.

आता तू एक गुपित ठेव. तोंडाला कुलूप लावायचा तुला सराव आहेच. आठवडाभर मी त्याचा नकाशा चोरून पाठ केला होता, छपराच्या पत्र्याचं यानकुसबाईंनी आधीच सांगितलं होतं. वर असताना, चाक उचललं तेव्हापासून टेकलं तोवर, मी डोळे घट्ट मिटून बसले होते.

पुढच्या शनिवारी एक उघडून बघेन म्हणते.

तुझी,
व्हर्ना